कात्री दुसऱ्याच्या हातात

फिल्मचे हे तुकडे वीस-पंचवीस मिनिटांत संपतात. लोहार ऐरणीवर घण मारतोय. बायका ओळीनं बसून पर्स शिवताहेत. एका जुन्या बरॅकच्या चौकात फुटबॉलचा सामना रंगलाय आणि भोवतीच्या कमानी प्रेक्षकांनी खच्चून भरल्यात. कुणी वाफ्याला झारीनं पाणी घालतंय, कुणी ग्रंथालयात पुस्तक चाळतंय. मग संगीताची मैफल सुरू होते. तरुण कारेल आन्चेर्ल वाद्यवृंद चालवतो आणि रचना संपल्यावर संगीतकार पावेल हास उठून श्रोत्यांना वाकून अभिवादन करतो. कोट, फ्रॉक, शर्ट, कपडा कोणताही असो, त्यावर डाव्या बाजूला कापडी तारा शिवलेला आहे.

हे तेरेझीन. प्रागच्या उत्तरेला ओहरे नदीकाठी अठराव्या शतकात बांधलेलं तटबंदीचं गाव. जर्मन नाव थेरेझिएनश्टाट. नाझींनी इथे सुमारे १,४०,००० ज्यू आणले. त्यातले ३३,००० च्या वर इथेच उपासमारीनं आणि रोगांनी मेले, सुमारे ८८,००० पुढे पूर्वेच्या छावण्यांकडे रवाना झाले. हे तुकडे १९६० च्या दशकात पुन्हा उजेडात आले, तेव्हापासून त्यांना एक नाव चिकटलं: ‘हिटलरनं ज्यूंना एक गाव भेट दिलं’. दिग्दर्शक म्हणून नाव लागलं कुर्ट गेरॉनचं. माहितीपटांत, पुस्तकांत, लेखांत हीच जोडी वर्षानुवर्षं फिरत राहिली.

यातलं पहिलं नाव चुकीचं आहे आणि दुसरं अर्धवट खरं. गेरॉनच्या कारकिर्दीचा माग काढायचा तर इथून, म्हणजे शेवटाकडून सुरुवात केलेली बरी. कारण त्याच्याबद्दल उरलेली बरीच कागदपत्रं आणि बरीच फिल्म दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच हेतूनं जपलेली, कापलेली किंवा जोडलेली आहे. ‘हे काय आहे?’ याच्या आधी ‘हे कुणी कापलं?’ असं विचारावं लागतं.

मराठी वाचकाला हा माणूस अगदीच परका नाही. आपण त्याला दोनदा भेटलोय, पण दोन्ही वेळा मराठी वेशात. व्ही. शांतारामांचा १९७२ चा ‘पिंजरा’ ज्या जर्मन चित्रपटावर बेतला असं मानलं जातं, त्या ‘ब्लू एंजल’मध्ये नाचगाण्याच्या फिरत्या कंपनीचा मालक म्हणजे गेरॉन. आणि पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलेल्या, डॉ. जब्बार पटेल यांनी बसवलेल्या नाटकाचा मूळ जर्मन प्रयोग सुरू होतो तो रस्त्यावरच्या गायकाच्या गाण्यानं. बर्लिनमध्ये ३१ ऑगस्ट १९२८ ला ब्रेख्त आणि वाइल यांच्या त्या नाटकाचा पडदा वर गेला, तेव्हा ते गाणं गाणारा गेरॉनच होता. पोलिसप्रमुख टायगर ब्राऊनही तोच. पहिल्या रात्री हातानं फिरवायची पेटी ऐन वेळी वाजेना आणि पहिलं कडवं संगीताशिवायच गेलं, ही गोष्ट त्या प्रयोगाच्या आठवणींत वारंवार येते. मला ती खरी वाटते, कारण नाटकवाल्यांच्या आठवणींत सहसा आपण कसे तरलो हे असतं, पेटी कशी रुसली हे कमी.

जन्म ११ मे १८९७, बर्लिन. आडनाव गेर्सन. घर ज्यू व्यापाऱ्याचं. पहिल्या महायुद्धात तो जर्मन सैन्यातून लढला, जखमी झाला. वैद्यकीय शिक्षण घेत होता, ते सोडून युद्धानंतर रंगमंचावर आला. देह अवाढव्य, आवाज भरदार, आणि चेहऱ्यावर समोरच्याचं पाणी जोखल्यासारखा भाव. ट्रूडे हेस्टरबेर्गच्या ‘विल्डे ब्यूने’सारख्या कॅबरे मंचांवर तो घडला. कॅबरे म्हटलं की आपल्याकडे हेलनचा नाच आठवतो. बर्लिनचा कॅबरे वेगळा. तिथे टोचणारी गाणी, राजकारणावर कोट्या, दोन मिनिटांची प्रहसनं असत आणि समोरच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागे. गेरॉनचा पुढचा सगळा अभिनय याच मुशीतून आलेला आहे.

मूकपटांत त्यानं कामं केली ती ढिगानं, आणि बहुतेक बारीकसारीक. १९२५ च्या ‘व्हारिएटे’मध्ये तो गोदीवरचा कामगार आहे. त्या काळच्या अशा नटाचा हिशेब लावायला एक विलक्षण साधन आहे: सेन्सॉरचं कार्ड. जर्मनीत १९२० च्या चित्रपट कायद्यानंतर प्रत्येक चित्रपटाला हे कार्ड लागे. त्यावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये, रीळ किती, आणि मूकपट असेल तर पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक पाटीचा मजकूर शब्दशः छापलेला. चित्रपट हरवला तरी कार्ड उरलं असेल तर कथा कळते, कुठला भाग कापला तेही कळतं. पण नटाचं काय? पाटीत शब्द असतात. भुवई उचलून गिऱ्हाइकाला गप्प करणारा जाडा माणूस त्यात नसतो. मूकपटांतल्या दुय्यम नटाची कारकीर्द कागदावर नेहमीच होती त्याहून हडकुळी दिसते, ती यामुळे.

सुदैवानं ‘टागेबुख आयनर फेरलोरेनन’, म्हणजे ‘हरवलेल्या मुलीची रोजनिशी’, हा पाब्स्टचा १९२९ चा चित्रपट आपल्यापर्यंत आला आहे. सेन्सॉरनं त्याची बरीच छाटछूट केली होती. वेगवेगळ्या प्रतींतून जोडून तो पुढे पुन्हा उभा केला गेला. नायिका लुइझ ब्रूक्स. गेरॉन डॉक्टर व्हिटालिस, कुंटणखान्यात रुळलेला, खुशालचेंडू. ज्या पेशाचं शिक्षण सोडलं तो पेशा असा पडद्यावर करायची पाळी त्याच्यावर आली. त्याच सुमारास झीगफ्रीड आर्नो या काटकुळ्या नटाबरोबर त्याची विनोदी जोडी जमली होती. जोडीचं नाव ‘बीफ आणि स्टेक’. एक लांब नाकाचा, एक लांब पोटाचा. बर्लिनकरांना यापलीकडे खुलासा लागत नसे.

बोलपट आला आणि गेरॉनचं बस्तान बसलं. मूकपटांतल्या कित्येक नामांकितांचे आवाज ध्वनिमुद्रकापुढे चिरकले, पण याचा आवाज रंगमंचावर आणि रेकॉर्डवर आधीच मुरलेला होता. टेलिफुंकन कंपनीनं १९३० च्या डिसेंबरमध्ये ‘तीन पैशां’च्या नाटकाची गाणी मूळ संचातल्या काही कलावंतांकडून मुद्रित केली, त्यातलं मॅकीचं गाणं ऐकावं. तो सूर लावत नाही, बातमी सांगतो. खुनांची यादी वाचणाऱ्या माणसाला जेवढी घाई असावी तेवढीच. तरीही पाब्स्टनं १९३१ मध्ये त्या नाटकाचा चित्रपट केला, तेव्हा गायक झाला एर्न्स्ट बुश आणि टायगर ब्राऊन राइनहोल्ड शुंत्सेल. गेरॉनच्या भूमिकेची हलती चित्रं म्हणून उरलीच नाहीत. फक्त आवाज.

‘ब्लू एंजल’चा पहिला खेळ बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्टमध्ये १ एप्रिल १९३० ला झाला. तारीख लक्षात ठेवा. जोसेफ फॉन स्टर्नबेर्गनं तो जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, त्याच नटांकडून चित्रित केला. आपण ‘पिंजरा’तले मास्तर ओळखतो. इथे ते प्रोफेसर राट आहेत, एमिल यानिंग्ज. आणि चंद्रकलेच्या जागी मार्लेन डीट्रिख. पण त्यातला एक प्रसंग सर्वस्वी गेरॉनचा आहे. जादूगार कीपर्ट लग्नाच्या मेजवानीत प्रोफेसराच्या नाकातून अंडी काढतो. सगळे हसतात, प्रोफेसर खुशीत कोंबड्यासारखा आरवतो. वर्षं जातात. कंपनी परत त्याच गावात येते, जिथे राट एके काळी शाळेत दरारा ठेवून होता. आता तो विदूषक आहे, समोर त्याचेच गाववाले. कीपर्ट टेलकोट घालून येतो, पुन्हा नाकातून अंडं काढतो, ते त्याच्या डोक्यावर फोडतो आणि आरव म्हणून दटावतो. या वेळी गेरॉन हसत नाही. प्रेक्षकांकडे बघून गोड बोलतो आणि तोंड न हलवता बाजूला दात-ओठ खातो. एकाच देहात दोन माणसं, एक प्रेक्षकांसाठी, एक राटसाठी. हे दुष्टपण खलनायकाचं नाही. खेळ बंद पडला तर पोट बंद पडेल, या धास्तीतलं आहे. म्हणून ते जास्त झोंबतं. ‘पिंजरा’नं मास्तरांचं अधःपतन घेतलं, पण कीपर्टची ही धास्ती तिकडे आलेली मला दिसली नाही.

त्याच वर्षी ‘डी द्राय फोन डेर टांकश्टेले’, पेट्रोल पंपावरच्या तीन मित्रांचा संगीतपट, तुफान चालला. त्यात गेरॉन वकील आहे. पाठोपाठ उफा कंपनीनं त्याला दिग्दर्शक केलं. १९३१ मध्ये ‘माइने फ्राउ, डी होखश्टाप्लरिन’, पुढच्या वर्षी हान्स आल्बेर्सला घेऊन ‘डेर वाइसे डेमोन’. शिवाय कॅबरेचे छोटे छोटे चित्रपटही त्यानं काढले. जो नट दहा वर्षं चौकटीच्या कडेला उभा राहिला तो आता चौकट ठरवत होता, आणि काय ठेवायचं, काय कापायचं हेही.

हे दोन वर्षं चाललं.

उफाच्या संचालक मंडळाची २९ मार्च १९३३ ची इतिवृत्तं आज जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आदल्याच दिवशी गोबेल्सनं चित्रपट व्यवसायातल्या लोकांपुढे भाषण केलं होतं. इतिवृत्ताची भाषा कुठल्याही कंपनीच्या बैठकीची असते तशीच आहे: कुणाचा करार कसा संपवायचा, कुणाचं काय करायचं. निर्माता एरिख पोमर, ज्यानं ‘ब्लू एंजल’ उभा केला, तोही त्यात आहे. नावं धंद्याच्या बाबींसारखी एकेक निकालात निघतात. शिवी नाही, घोषणा नाही. मला हा कागद त्या काळातल्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

तीन दिवसांनी, १ एप्रिल १९३३ ला, ज्यूंच्या दुकानांवर देशभर बहिष्कार पुकारला गेला. गेरॉन त्या वेळी ‘किंड, इख फ्रोये मिख आउफ डाइन कोमेन’ हा चित्रपट दिग्दर्शित करत होता. सेटवर सांगण्यात आलं की जे आर्य नाहीत त्यांनी निघावं. दिग्दर्शक निघाला. चित्रपट दुसऱ्यांनी पुरा केला. ‘ब्लू एंजल’च्या पहिल्या खेळाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. जर्मन सैन्यातून लढताना झालेली जखम अंगावर होती, तिचा उपयोग शून्य.

पुढच्या दहा वर्षांचा प्रवास पारपत्रावरच्या शिक्क्यांसारखा आहे: पॅरिस, व्हिएन्ना, ॲमस्टरडॅम. फ्रेंचमध्ये दोन चित्रपट, ऑस्ट्रियात एक. हॉलंडमध्ये तो जास्त रमला. तिथला चित्रपट व्यवसाय लहान होता आणि जर्मनीतून पळून आलेल्या माणसांवर बराचसा चालत होता. लुडविग बेर्गर, मॅक्स ऑफ्युल्स यांनीही तिथे चित्रपट केले. गेरॉननं १९३५ मध्ये ‘मूनलाइट सोनाटा’चं रहस्य रंगवलं, १९३६ मध्ये ‘मेरैन्त्ये हैझन्स योग्ट’ हा खेड्यातल्या मुलाच्या बालपणावरचा चित्रपट केला. भाषा त्याची नव्हती, पण कामाचा दर्जा उतरला नाही. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरलं आणि गेरॉन जिथून पळाला तेच पाठलाग करत दारात आलं.

त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, बर्लिनमध्ये ‘डेर एविगे युडे’ प्रदर्शित झाला. फ्रिट्झ हिप्लरचा हा प्रचारपट ज्यूंविषयी द्वेष पेरण्यासाठी केलेला होता. त्यात गेरॉन आहे. त्याच्या जुन्या चित्रपटातला तुकडा कापून बसवलाय आणि निवेदक असं सुचवतो की बघा, हा ज्यू मुळात असा असतो. पीटर लोरंच्या ‘एम’मधल्या खुन्याचं भाषणही त्यांनी असंच वापरलं. नटानं वठवलेली भूमिका म्हणजे त्याचा स्वभाव, असा हा हिशेब. या हिशेबानं निळू फुले गावोगावच्या बायकांच्या शिव्या खात, ते आपण हसत ऐकतो. इथे तोच अडाणीपणा सरकारी खर्चानं, माहीत असून, कात्रीनं केला गेला. गेरॉनच्या परवानगीशिवाय त्याच्या चेहऱ्याचं संकलन झालं ते हे पहिल्यांदा.

ॲमस्टरडॅममध्ये ज्यूंना फक्त ज्यूंपुढेच खेळ करता येत. डच रंगभूमीचं एक नामांकित नाट्यगृह त्यांच्यासाठी वेगळं काढलं गेलं, गेरॉन तिथे काम करत होता. १९४२ च्या उन्हाळ्यापासून तेच नाट्यगृह माणसं गोळा करून छावणीकडे पाठवण्याचं ठिकाण झालं. त्याचे आईवडील १९४३ मध्ये सोबिबोरला मारले गेले. तो आणि बायको ओल्गा वेस्टरबोर्कच्या छावणीत आणि तिथून फेब्रुवारी १९४४ मध्ये तेरेझीनला पोचले.

तेरेझीनमध्ये त्यानं ‘कारुसेल’ नावाचा कॅबरे उभा केला. पियानोवर मार्टिन रोमान. गाण्यांत तेच जुनं मॅकीचं गाणं. कारेल हेर्मान नावाच्या कैद्यानं छावणीतल्या कार्यक्रमांची भित्तिपत्रकं, कार्यक्रमपत्रिका, तिकिटं जपून ठेवली. ती आज तेरेझीनच्या स्मारक संग्रहालयात आहेत. तिकिटं! उपाशी माणसं कार्यक्रमाचं तिकीट मिळावं म्हणून धडपडत.

आता फिल्मकडे परत. रेड क्रॉसचे प्रतिनिधी २३ जून १९४४ ला तेरेझीन बघायला आले. त्याआधी गावाला रंग लावला, बागा केल्या, दुकानं मांडली, आणि गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात ७,५०३ माणसं औशवित्झला पाठवली. पाहुणे समाधानानं परत गेले. हा उभा केलेला देखावा फिल्मवर उतरवायचं काम गेरॉनला सांगण्यात आलं. सांगण्यात आलं म्हणजे हुकूम दिला. १६ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर १९४४ या काळात चित्रीकरण झालं.

या चित्रपटाचा खरा शोध लावला तो डच इतिहासकार कारेल मार्ग्री यानं, १९९० च्या आसपास. त्याच्यापुढे गेरॉनचे आराखडे, चित्रीकरणाचे अहवाल, संकलनाच्या टिपा होत्या. आणि यो स्पियरची चित्रं. स्पियर हा डच चित्रकार छावणीत होता. कॅमेरा जे टिपे ते तो कागदावर भराभर रेखाटत असे: कोण कुठे बसलंय, चौकट कुठून कुठे. फिल्म गेली, रेखाटनं राहिली. दीड तासाच्या चित्रपटातला जो भाग आज हाती नाही, तो या पेन्सिलीच्या रेघांवरून आणि टिपांवरून क्रमानं लावता आला. मूकपटाच्या सेन्सॉर कार्डात शब्द होते आणि नट नव्हता. इथे उलट, आवाज गेला आणि माणसं कुठे उभी होती ते राहिलं.

या कागदांवरून बऱ्याच गोष्टी कोसळल्या. चित्रपटाचं खरं शीर्षक ‘थेरेझिएनश्टाट: ज्यू वसाहतीतला एक माहितीपट’ अशा रूक्ष स्वरूपाचं होतं. हिटलरच्या भेटीचं नाव पुढे पडलं. आणि ते बसणारही नव्हतं, कारण चित्रपट जर्मन जनतेसाठी नव्हताच. तो परदेशी, तटस्थ पाहुण्यांना दाखवायचा होता. त्यांना हिटलरची दानत सांगून काय साधणार? हुकूमही गोबेल्सच्या खात्याचा नव्हता. तो प्रागमधल्या ज्यूंसंबंधी कारभार पाहणाऱ्या एसएस कार्यालयाचा, म्हणजे हान्स ग्युंथरचा होता. पटकथेची पहिली मांडणी गेरॉनच्या आधी यिंद्रिख वाइल या झेक कैद्यानं करून ठेवली होती. कॅमेरे आणि माणसं प्रागच्या अक्टुअलिटा या वार्तापट कंपनीची. आणि संकलन? ते गेरॉनच्या हाती कधी आलंच नाही. त्यानं कागदावर सूचना लिहिल्या तेवढ्याच. प्रत्यक्ष कात्री चालवली ती प्रागमध्ये इव्हान फ्रिचनं.

गेरॉनवर युद्धानंतर बराच राग निघाला. वाचलेल्यांपैकी काहींना तो सेटवर घाम पुसत ओरडणारा, जणू बर्लिनचा स्टुडिओच परत मिळालाय अशा थाटात वावरणारा आठवतो. काहींना लोकांनी कॅमेऱ्याकडे बघून हसावं म्हणून विनवणारा, भेदरलेला आठवतो. मला दोन्ही आठवणी एकाच माणसाच्या वाटतात. ‘ब्लू एंजल’मधला कीपर्ट पाहिलेल्याला यात विसंगती दिसणार नाही. खेळ बंद पडू द्यायचा नाही ही धास्ती गेरॉननं पंधरा वर्षांपूर्वी वठवली होती. आता खेळ बंद पडला तर काय होईल याचा अंदाज त्याला होताच. कामात रमणं आणि जीव मुठीत धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सुरक्षित खोलीत बसून वाटतं. बाकी ज्या चित्रपटाचा हुकूम, हेतू, पटकथेचा पाया आणि कात्री या चारही गोष्टी दुसऱ्यांच्या, त्याच्या पापाचं खातं एकट्याच्या नावावर टाकणं हे इतिहासलेखन नाही.

चित्रीकरण संपल्यावर सतरा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, गाड्या सुटू लागल्या. महिनाभरात अकरा गाड्या आणि १८,००० च्या वर माणसं. पडद्यावर वाकून नमस्कार करणारा पावेल हास त्यातल्याच एकीनं गेला आणि औशवित्झमध्ये मारला गेला. मुलांच्या संगीतिकेचा रचनाकार हान्स क्रासाही. आन्चेर्ल वाचला, पुढे झेक फिलहार्मोनिकचा मोठा संचालक झाला. गेरॉन आणि ओल्गा २८ ऑक्टोबरच्या गाडीत होते. ती शेवटची गाडी. त्यानंतर तेरेझीनहून औशवित्झला गाडी गेली नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथले विषारी वायूचे कक्ष बंद झाले.

यानिंग्ज तेव्हा राइखचा सन्मानित नट होता. डीट्रिख अमेरिकन सैनिकांपुढे गात होती.

प्रागमध्ये मात्र काम चालूच होतं. फ्रिचनं फिल्म जुळवली, पेटर डॉइच या डॅनिश कैदी संगीतकाराकडून संगीत मुद्रित करून घेतलं आणि १९४५ च्या मार्चअखेर चित्रपट तयार झाला. एप्रिलमध्ये तो मूठभर पाहुण्यांना दाखवला, त्यात रेड क्रॉसचे प्रतिनिधी होते. ८ मेला सोव्हिएत सैन्य तेरेझीनमध्ये पोचलं.